पाचव्या स्थानापाशी

ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळातल्या एका गुरुवारी रात्री जेवणं आटोपून आगाशीला जमायचं आणि शुक्रवारी उजाडायच्या सुमारास वसईच्या किल्ल्यात पोचायचं, हा आमच्या गटाचा नेम आहे. नंदाखाल, उमराळे, निर्मळ, वाघोली, गिरीज अशी गावं वाटेत लागतात. तरुण मुलं पदयात्रा म्हणतात, म्हातारी माणसं वारीच म्हणतात. बरोबर एक लाकडी क्रूस असतो. आमच्याकडे आळीआळीत, तिठ्या-चौकात चुन्याने रंगवलेले क्रूस आहेतच; त्यांच्यापाशी थांबत थांबत क्रुसाच्या वाटेची, म्हणजे येशूच्या शेवटच्या वाटचालीची, चौदा स्थानं करायची आणि पुढे चालायचं.

यंदा मी गेले ती घरातून एक रात्र सुटायला मिळेल म्हणून. सासूबाई अर्धांगवायूने अंथरुणाला खिळल्या आहेत. त्यांना कुशीवर वळवणं, पुसणं, भरवणं, चादरी बदलणं माझ्या वाट्याला आलं. नवरा कामावर, नणंद सासरी, आणि घरात मी. करशील का, असं कुणी विचारलं नव्हतं, त्यामुळे हो-नाही म्हणायचा प्रश्नच आला नाही. माझं आईंवर प्रेम नाही असं नाही. पण रात्री तिसऱ्यांदा हाक आली की उठताना मनात जे येतं ते प्रेम नसतं. त्या गुरुवारी नणंद मुक्कामाला आली, मी चपला घातल्या आणि निघाले.

आणखी एक गोष्ट मनात होती. राखेच्या बुधवारी कपाळाला राख लागली की पुढचे चाळीस दिवस देवळात देवाच्या प्रीतीबद्दल खूप ऐकायला मिळतं. येशूच्या गोष्टीतला उधळ्या पुत्राचा बाप मुलगा लांबवर दिसताच धावत सुटतो, ते ऐकलं की डोळ्यांत पाणी येतंच. आधी त्याने आपल्यावर प्रीती केली म्हणून आपण प्रीती करू शकतो, हे योहानाच्या पत्रातलं वाक्य मला लहानपणापासून पाठ आहे. पण दुपारी दोन वाजता, आईंना एका हाताने तोलून धरलेलं असताना आणि दुसऱ्या हाताने चादर ओढत असताना, ती प्रीती नेमकी कुठे असते? हा प्रश्न मी कुणाला विचारला नव्हता. चालताना त्याच्यावर विचार करावा, एवढंच ठरवलं होतं.

आमचा क्रूस एका मोडलेल्या जुन्या घराच्या वाशांचा केलेला आहे. आडव्या वाशात अजून खिळ्यांची भोकं दिसतात, एका टोकाला चुलीच्या धुराने धरलेला काळपटपणाही आहे. तो एकट्याने उचलता येतो, पण फार वेळ नेता येत नाही. खांद्यावर टॉवेलची चौघडी घालायची, आडवा वासा मानेच्या मागे येऊ द्यायचा, आणि मागचं टोक जमिनीवर फरफटू नये म्हणून दुसऱ्याने ते धरायचं. पुढचा आणि मागचा यांचं पाऊल जुळलं नाही तर दर पावलाला खांद्याला हिसका बसतो. हे जुळायला थोडा वेळ लागतो आणि जुळलं की तेवढ्यात पुढचं स्थान येतं, माणसं बदलतात.

मार्चमधली वसईची रात्र दमट असते. बावखलांच्या, म्हणजे गोड्या पाण्याच्या तळ्यांच्या, कडेने गेलं की गारवा लागतो, दहा पावलांवर तो संपतो. केळीच्या बागांच्या पलीकडे, पूर्वेला, नालासोपाऱ्याच्या इमारतींचा उजेड आभाळाला रात्रभर लागलेला असतो. नंदाखाल, उमराळे मागे पडेपर्यंत सगळ्यांच्या अंगात जोर होता, दुःखाच्या रहस्यांची रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, मोठ्याने चालली होती. नंतर आवाज आपोआप बसले.

बरोबर असलेल्या फादरांनी चालता चालता या भक्तीची गोष्ट सांगितली. ज्यांना जेरुसलेमला जाता येत नाही, त्यांना आपापल्या गावात ती वाट चालता यावी म्हणून फ्रान्सिस्कन संन्याशांनी ती जगभर नेली. चौदाव्या शतकापासून पवित्र भूमीतली स्थळं सांभाळण्याचं काम त्यांच्याकडे आहे. स्थानांची संख्या चौदा, हे 1731 मध्ये पोप बारावे क्लेमेंट यांनी कायम केलं. त्यातली काही स्थानं शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रात, सापडत नाहीत. येशू तीनदा पडला, वेरोनिकेने त्याचा चेहरा पुसला, हे लोकांच्या भक्तीने जपलेलं आहे. पाचवं स्थान मात्र मत्तय, मार्क, लूक तिघांनीही लिहून ठेवलं आहे. ते निर्मळ सोडल्यावर आलं, आणि क्रूस उचलायची पाळी माझी होती.

वाचन मार्कमधलं होतं. कुरेने गावचा शिमोन शेतावरून येत होता. शिपायांनी त्याला वेठीस धरलं आणि येशूचा क्रूस वाहायला लावला. एवढंच. त्याला दया आली, त्याचं मन द्रवलं, तो पुढे सरसावला, असं काही मार्क लिहीत नाही. माणूस कामावरून घरी चालला होता आणि रस्त्यात सापडला.

हे मी आजवर किती वेळा ऐकलं असेल! पण त्या रात्री खांद्यावर वासा टेकला होता आणि मागचं टोक धरलेल्या मावशी म्हणत होत्या, “बाय, घाई करू नको, माझ्या पावलाने चल.” तेव्हा पहिल्यांदा माझ्या मनात आलं, की या गोष्टीत मी शिमोनाकडेच बघत आले. चांगला माणूस, मदत करणारा. क्रूस दुसऱ्याच्या हाती जाऊ देणाऱ्या येशूकडे माझं लक्षच गेलं नव्हतं.

ज्याच्यापासून सगळं झालं असं आपण मानतो, तो तिथे रस्त्यावर आपलं ओझंही नेऊ शकत नाही. रात्रभर मार खाल्लेला आहे, रक्त गेलेलं आहे, पाय धरत नाहीत. आणि तो मदत घेतो. नाखुशीने आलेल्या, कदाचित मनातल्या मनात शिव्या देणाऱ्या माणसाची मदत घेतो. आधी मन शुद्ध कर, मग माझ्या क्रुसाला हात लाव, असं म्हणत नाही. देवाची प्रीती म्हणजे देणं, ओतणं, क्षमा करणं, हे मला ठाऊक होतं. तिला दुसऱ्याच्या खांद्याची गरज पडू शकते, आणि तो खांदा जसा मिळेल तसा ती घेते, हे मला वाघोलीच्या रस्त्यावर कळलं. मी आईंना वळवते तेव्हा माझ्या मनात काय चाललंय याची त्या चौकशी करत नाहीत. माझ्या हातावर अंगाचा सगळा भार टाकतात. मी त्याला लाचारी समजत होते.

पुढचं स्थान वेरोनिकेचं, ते झटकन झालं. सातव्याला येशू दुसऱ्यांदा पडतो. इथे मी फार वेळ थांबले, गट पुढे गेला तरी. शिमोनाची मदत पाचव्या स्थानी मिळाली, मग सातव्या स्थानी पडायचं कारण काय? नवव्याला पुन्हा? ज्यांनी ही वाट रचली त्यांनी आजारी माणसाजवळ बसून ती रचली असणार, असं मला वाटतं. मदत मिळाली म्हणजे पडणं थांबतं असं नाही. डॉक्टर, फिजिओथेरपी, मालिश, नऊ दिवसांची नोव्हेना प्रार्थना, सगळं करून आईंचा उजवा हात होता तिथेच आहे. गेल्या पावसाळ्यापेक्षा त्या आता कमी बोलतात. करूनही पडझड होतच राहते, तेव्हा केलेलं वाया गेलं असं मनात येतं. शिमोनाचं वाया गेलं का? त्याने ज्याला हात दिला तो तासाभरात क्रुसावर खिळला गेला. तरी मार्कने त्याचं नाव, गाव लिहून ठेवलं, आणि जाता जाता आणखी एक लिहिलं: हा आलेक्झांद्र आणि रूफस यांचा बाप.

मुलांची नावं कशाला लिहावी? मार्कचे वाचक त्या मुलांना ओळखत असतील म्हणूनच. वेठीला धरलेल्या माणसाची मुलं पुढे ख्रिस्ती मंडळीत सगळ्यांच्या माहितीची झाली होती. बायबलमधल्या पौलाच्या रोमकरांस पत्रात शेवटी सलाम सांगितले आहेत, त्यात एक रूफस आहे आणि त्याची आई आहे, जिला पौल माझीही आई म्हणतो. हा तोच रूफस असेल तर ती शिमोनाची बायको. अभ्यासक ठामपणे सांगत नाहीत. मला मात्र त्या बाईचा विचार सुचला आणि सुटला नाही. नवरा शेतावरून येणार म्हणून वाट बघत बसलेली. तो उशिरा आला, अंगरख्याला दुसऱ्याचं रक्त लागलेलं. तिने काय विचारलं असेल?

गिरीज ओलांडल्यावर पाय दुखायला लागले आणि बोलणं बंद झालं. एका घरातून लिंबू सरबताची कळशी आली. तेवढ्यात कुणीतरी संत गोन्सालो गार्सियाचा विषय काढला, कारण आम्ही चाललो होतो तो त्याच्याच गावाला. गोन्सालो वसईचा, 1556-57 च्या सुमाराचा जन्म, बाप पोर्तुगीज आणि आई इथली. किल्ल्यात जेझुइट संघाच्या धर्मगुरूंकडे शिकला, त्यांच्याबरोबर लहान वयात जपानला गेला, ती भाषा शिकला, व्यापार केला, आणि पुढे मनिलात फ्रान्सिस्कन ब्रदर झाला. दुभाषा म्हणून परत जपानला आला. जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याच्या हुकुमाने त्याला आणि बरोबरच्यांना पकडलं. क्योतोमध्ये त्यांचे डावे कान कापले आणि भर थंडीत नागासाकीपर्यंत नेलं. जवळजवळ महिनाभराची वाट, बरीचशी पायीच. 5 फेब्रुवारी 1597 ला तिथल्या टेकडीवर सव्वीस जणांना क्रुसावर चढवलं. त्यात बारा वर्षांचा लुईस इबाराकी होता.

हे आमच्याकडे शाळेतल्या मुलांनाही माहीत असतं. मला त्या रात्री आठवलं ते वेगळं. निघाले तेव्हा ते सव्वीस नव्हते, चोवीस होते. वाटेत दोघे जण कैद्यांना खायला-प्यायला देत, त्यांची देखभाल करत बरोबर चालले होते. एक पीटर सुकेजिरो, दुसरा फ्रान्सिस नावाचा सुतार. शिपायांनी त्यांनाही धरलं आणि यादीत घातलं. पाणी द्यायला आलेली माणसं. नागासाकीला त्यांच्यासाठीही क्रूस उभे राहिले, आणि 1862 मध्ये पोप नववे पायस यांनी सव्वीस जणांना संत म्हणून जाहीर केलं तेव्हा ती दोघंही त्यात होती. सेवा करणारा आणि सोसणारा यांच्यात चर्चने तिथे फरक केला नाही. मी हे पुन्हा पुन्हा मनात घोळवत चालले. मला त्यातून बळ मिळालं.

किल्ल्यात शिरलो तेव्हा आभाळ फिकं झालं होतं. तटातून वडाच्या मुळ्या खाली आलेल्या, कोळी बाया टोपल्या घेऊन रस्त्याने निघालेल्या. ज्या ठिकाणी गोन्सालो शिकला त्या चर्चपाशी चौदावं स्थान झालं. फादर थोडं बोलले. उपवास म्हणजे भुकेल्याला आपली भाकर वाटणं, हे यशयाचं वचन त्यांनी वाचलं. बसल्या बसल्या दोन-चार जणांना डुलकी लागली होती, कुणी त्यांना उठवलं नाही. परतताना पापडीला सकाळची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, मिळाली आणि मग गटातल्या एकांच्या अंगणात पेज आणि कैरीचं लोणचं.

पेज खाताना मी फादरांना विचारलं, की जे अंथरुणातून उठू शकत नाहीत त्यांना ही वाट कधी चालायला मिळणार. ते म्हणाले, “तूच सांग कसं करायचं ते.” मावशी तिथेच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “क्रूस त्यांच्या दारात न्यायचा. त्यात काय एवढं? वाशाला पाय फुटलेत का, आपणच उचलतो ना?” त्यावर थोडी चर्चा झाली. एवढी गर्दी घरात कशी मावणार, आजाऱ्याला त्रास होईल, असं एक-दोघांचं म्हणणं पडलं. ते खरंच होतं. शेवटी ठरलं की गर्दी अंगणात थांबेल, क्रूस घेऊन दोघेच आत जातील, आणि आजारी माणसाला जमेल तर त्याने वाशाला हात लावायचा. प्रार्थना त्याने सांगायची. बोलता येत नसेल तर सगळ्यांनी त्याच्यासाठी गप्प उभं राहायचं.

येत्या शुक्रवारी आमच्या धर्मग्रामात क्रुसाची वाट अशी होणार आहे, संध्याकाळी सहाला सुरुवात. आमच्या आळीतल्या घरांची यादी करायचं काम माझ्याकडे आहे. पाचवं स्थान आमच्याकडे घ्या, असं मी सांगून ठेवलं आहे. आईंना डाव्या हाताने वाशापर्यंत पोचता यावं म्हणून खाट खिडकीपासून काढून दाराजवळ घ्यावी लागेल. नवऱ्याला बुधवारीच सांगायला हवं.