बोर्ड गेलेला फोन

कराड स्टँडजवळच्या माझ्या दुकानात 'चार्ज होत नाही' म्हणून येणारे बरेच फोन बिघडलेलेच नसतात. पिनेत खिशातला कापूस दाबून बसलेला असतो. लाकडी टूथपिकनं तो काढला की काम झालं. याचे पैसे घ्यावेत का, यावर शेजारच्या दुकानदाराशी माझा कायमचा वाद आहे. तो घेतो.

मागच्या महिन्यात पाटणकडचे एक काका कॉलेजातल्या मुलीला घेऊन आले. आयफोन 11, सेकंडहँड घेतलेला. तीस टक्क्यांवरच बंद पडायचा, कॅमेरा उघडला की अडकायचा. एका शोरूममधल्या पोरानं फोन न उघडताच 'बोर्ड गेला', म्हणजे आतला मुख्य सर्किट बोर्ड बिघडला, असं सांगून नव्याचा हप्ताही काढून दिला होता. या पोरांना कमिशन विक्रीवर मिळतं. बोर्ड कशाशी खातात ते ठाऊक नसतं.

बॅटरी हेल्थ, म्हणजे नवी असतानाच्या मानानं उरलेली क्षमता, पाहिली तर 71 टक्के. झिजलेल्या बॅटरीला ऐन वेळी लागेल तेवढा करंट देता येत नाही, म्हणून फोन बंद पडू नये यासाठी प्रोसेसरचा वेग मुद्दाम उतरवला जातो. अ‍ॅपलनं हे 2017 च्या डिसेंबरात कबूल केलं. गिऱ्हाईक मात्र अजून नवीन फोनच शोधत फिरतं.

बॅटरीखालच्या चिकटपट्ट्या काढणं हे खरं हातकाम. पट्टी बॅटरीला जवळजवळ समांतर धरून सावकाश ओढायची. घाई केली की तुटते. मग आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) सोडून कार्डानं बॅटरी उचकटावी लागते, आणि वाकली तर ती पेटूही शकते. माझ्या पट्ट्या अखंड निघाल्या.

दुसरी बॅटरी जोडल्यावर 'बॅटरी अस्सल असल्याची खात्री होत नाही' असा संदेश आला. तो येतोच. आयफोन 11 मध्ये दुसऱ्या फोनमधून काढलेली अस्सल बॅटरीसुद्धा परकी ठरते. गिऱ्हाइकाला वाटतं, आपल्याला गंडवलं. यावर रोज घसा कोरडा करावा लागतो.

अठराशे रुपये झाले. फोन पळायला लागला.

"नव्यात जादा काय मिळतंय?" काकांनी विचारलं.

त्यांच्या डोक्यात आयफोन 16 होता, 2024 मध्ये 79,900 ला आलेला. कॅमेरा चांगला, स्क्रीन उजळ, सी टाइप चार्जर, मी सांगितलं. 'नो कॉस्ट' हप्त्यातही प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी लागू शकतो, तेही सांगितलं.

मुलगी म्हणाली, "आप्पा, ह्यो चालतोय की. नवा नको."

काका माझ्याकडं बघून म्हणाले, "ती नकोच म्हणती. बारावीला क्लास पण नको म्हणली होती."

संध्याकाळी नवा फोन घेतलाच. आठवड्यानं काका जुन्याला कव्हर टाकायला आले. जुना फोन आता काकाच वापरतात, झकास चालतोय. त्या फोनवर मुलीची अजून दोन वर्षं सहज निघाली असती, हे माझं मत आजही कायम आहे. पण 'पोरीलाच विचारा ना, नवा हवाय का' असं मी हल्ली कुठल्या बापाला सांगत नाही.