व्हर्च्युअल पियानो: आधी स्पर्श, मग खोली

पियानोटेक या संगणकावरच्या पियानोच्या सॉफ्टवेअरवर केलेल्या एकल रेकॉर्डिंगची ही पुढची नोंद. या वेळी सुरुवातीला रिव्हर्ब (खोलीची घुमणूक), इक्वलायझर सगळं बंद ठेवून फक्त व्हेलॉसिटी कर्व्हवर बसलो, म्हणजे बोटाच्या जोराचा सुराच्या जोराशी मेळ ठरवणाऱ्या रेषेवर. आवाजात एवढा फरक आजवर कुठल्याच प्लगइनने पडला नव्हता.

मिडीत, म्हणजे कीबोर्डकडून संगणकाला जाणाऱ्या संदेशांत, सुराचा जोर १ ते १२७ असा नोंदला जातो. माझ्या कीबोर्डवर हलक्या हाताने वाजवलेले सूरही सत्तरच्या आसपास जात होते. कर्व्हचा खालचा भाग दाबून घेतल्यावर ते तीस-पस्तीसवर बसले आणि हातोडीच्या फेल्टचा मऊपणा पहिल्यांदाच ऐकू आला. जोर वाढला की पियानोचा आवाज नुसता मोठा होत नाही, वरचे ओव्हरटोन (मूळ सुरासोबत वाजणारे उपसूर) उजळतात. त्यामुळे जोरात वाजवलेला सूर फेडरने (आवाज कमी-जास्त करायच्या सरकपट्टीने) कितीही खाली आणला तरी तो हळुवार होत नाही. आता धून साथीपेक्षा दहा-पंधरा आकड्यांनी वर ठेवतो. तेवढ्यानेच ती गाऊ लागते.

पेडलचंही तसंच. साधं स्विच पेडल फक्त ० किंवा १२७ पाठवतं. कंटिन्युअस पेडल मधले आकडेही पाठवतं, म्हणून हाफ-पेडल, म्हणजे पेडल अर्धवट दाबणं, जमतं: खर्जातली गुंज उरते आणि वरचं गढूळपण निघून जातं. कीबोर्डमध्ये पैसे घालण्याआधी पेडल बदला, असं मी कोणालाही सांगेन.

क्वांटाइझ, म्हणजे सूर तालाच्या चौकटीत नेमके बसवणं, नाही. एकल वादनात तो श्वासच काढून घेतो.

सॉफ्टवेअरमधले आभासी माइक वादकाच्या जागेवरून थोडे लांब सरकवले. जवळ असताना हेडफोनवर खर्ज एका कानात आणि तार दुसऱ्या कानात जात होतं. आतला रिव्हर्ब बंद, बाहेरून कॉन्व्होल्यूशनचा, म्हणजे खऱ्या जागेच्या नोंदवलेल्या घुमणुकीचा, एकच लहान हॉल. दोन खोल्या एकावर एक चढल्या की पियानो नक्की कुठे ठेवलाय तेच कळत नाही.

रेंडर (शेवटची ऑडिओ फाइल) २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. लाउडनेस (कानाला जाणवणारी सरासरी पातळी) उणे २० एलयूएफएसच्या आसपास, शिखरं उणे १ डेसिबलच्या खाली. यूट्यूब साधारण उणे १४च्या वरचं खाली आणतं, पण हळू आवाज वर चढवत नाही, त्यामुळे माझी फाइल इतरांपेक्षा हळू वाजते. ते मला चालतं. लिमिटरने (शिखरं दाबणाऱ्या प्लगइनने) ठोकून काढलेल्या पियानोत हळुवार जागाच उरत नाहीत.

आता पेडलचा आणि पट्टी सोडतानाचा खटका किती ठेवायचा, ते बघतोय. सध्या दोन्ही मूळ पातळीच्या निम्म्यावर आहेत.