रत्नागिरीत लोकर कोण घेतं?

गणपतीपुळ्याहून परतताना बाजारात उतरलेली मंडळी माझ्या दुकानावरून पुढे जातात, थांबतात आणि दोन पावलं मागे येतात. काचेत लोकरीचे गुंडे, वर दोरीला लावलेली टोपडी, मोज्यांचे जोड. मग ठरलेला प्रश्न येतो, "काकू, रत्नागिरीत लोकर कोण घेतं हो? इथे थंडी तरी पडते का?" पाहुणेच विचारतात असं नाही. बदली होऊन आलेले बँकेतले साहेब विचारतात, भाचीच्या सासरची माणसं विचारतात. सासूबाईंनी सुरू केलेलं हे दुकान मी 22 वर्षं चालवते आहे आणि तेवढीच वर्षं हा प्रश्न ऐकते आहे. समोर गिऱ्हाईक उभं असलं की मी एवढंच म्हणते, "थंडीपेक्षा इथली ओल वाईट." तेवढ्याने कोणाचं समाधान होत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून आज बसून सांगते.

थंडी पडत नाही हे खरंच आहे. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा 18-19 अंशांवर आला की आमच्याकडे "गारठा पडला" म्हणतात, आणि तेही आनंदाने, कारण हापूसच्या कलमांना मोहर फुटायला तो गारठा लागतो. थंडीची वाट आम्ही झाडांसाठी बघतो. माणसांना कुडकुडवतो तो पाऊस. जून ते सप्टेंबर 3000 मिलिमीटरच्या वर पडतो. भिंतींना ओल, गादीला ओल, कपाट उघडलं की कुबट वास. वाळला म्हणून अंगात घातलेला सुती कपडा गार लागतो, कारण तो वाळलेलाच नसतो. पारा 25च्या आसपास असला तरी अशा दिवसांत म्हातारी माणसं आणि तान्ही मुलं गारठतात. ज्यांनी आषाढ-श्रावण इथे काढलेत त्यांना हे वेगळं सांगावं लागत नाही.

आणि कोकणाची लोकरीशी ओळख काही माझ्या दुकानापासून झालेली नाही. लावणीच्या दिवसांत बायकांच्या पाठीवर इरलं असायचं आणि माझे आजोबा काळ्या कांबळ्याची खोळ करून डोक्यावरून घ्यायचे. दिवसभर चिखलात उभे राहायचे. संध्याकाळी कांबळं पडवीत टाकलं की ते जड झालेलं असे, पण आत हात घातला तर ऊब लागे. लहानपणी मला ती जादूच वाटायची. पुढे कळलं की मेंढीच्या लोकरीचा धागा स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा ओलावा पोटात घेतो तरी हाताला ओला लागत नाही, आणि ओलावा शोषताना थोडी ऊबही सोडतो. ती कांबळी घाटावरून यायची. दख्खनी मेंढीची राठ काळी लोकर, सनगरांनी मागावर विणलेली, चिंचोक्याची खळ दिलेली. दिवाळीनंतर धनगर कळप घेऊन घाट उतरतात, आमच्या शेतांत खतासाठी मेंढ्या बसवतात आणि पाऊस यायच्या आत परत चढतात. कोकणात लोकर आली ती अशी, पावसासाठी.

माझ्या दुकानात तुम्ही ज्याला लोकर म्हणता, त्यातली बरीचशी मात्र मेंढीची नसते. लुधियानाहून येणारं अ‍ॅक्रिलिक असतं. मराठीत विणायच्या मऊ धाग्याला सरसकट लोकरच म्हणतात, त्याला माझी हरकत नाही. पण कोणता धागा कोणाच्या अंगाला जाणार हे विचारल्याशिवाय मी गुंडा देत नाही.

गेल्या ऑगस्टमधली गोष्ट. एक वहिनी आल्या. लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, आठवा महिना. बाळंतविड्यासाठी टोपडं, मोजे, एक दुपटं, सगळं घरी विणायचं होतं. त्यांनी सर्वांत मऊ, पांढरा गुंडा उचलला. मी विचारलं, "घरी शेक-शेगडी करणार का?"

"करणार तर! आई आहेत ना घरात. ओवा, वेखंड, सगळं आणून ठेवलंय."

मी मेणबत्ती लावली. सुती, मेंढीच्या लोकरीचा आणि अ‍ॅक्रिलिकचा, असे बोटभर तीन तुकडे कापले आणि चिमट्यात धरून एकेक ज्योतीवर नेला. सुती धागा भुर्रकन पेटला, कागद जळल्यासारखा वास आला, मऊ करडी राख उरली. मेंढीच्या लोकरीने पेट घ्यायलाच वेळ लावला. ज्योतीतून बाहेर काढताच विझली, केस जळल्याचा वास सुटला आणि टोकाचा काळा गोळा बोटांत धरताच चुरा झाला. अ‍ॅक्रिलिक वितळत वितळत जळलं, काळा धूर निघाला आणि एक थेंब खाली बशीत पडला. निवल्यावर मी बशी त्यांच्यापुढे सरकवली. काळा, कडक मणी बशीला घट्ट चिकटला होता. वहिनींनी तो नखाने काढून पाहिला, निघेना.

"मग तुम्ही हे विकता कशाला?" त्यांनी विचारलं. रास्त प्रश्न होता. मी सांगितलं, जुलैत रात्री धुऊन पंख्याखाली पसरलं तर सकाळी वाळलेलं मिळतं ते हेच. याला कसर लागत नाही. मेंढीच्या लोकरीला लागते, आणि ती गरम पाण्यात घोळसली की आटून फेल्टसारखी घट्ट होते. बाळाचे कपडे दिवसातून चारदा बदलतात, प्रत्येक घराला शुद्ध लोकर परवडत नाही. फक्त शेगडीपाशी अ‍ॅक्रिलिक नको. तिथे सुती झबलं-टोपडं घाला, शेक झाला, शेगडी दुसऱ्या खोलीत गेली की मग हे चढवा. शेगडीवर डाली उपडी घालून बाळाचे कपडे वाळवायची आपल्याकडे सवय आहे, त्या डालीवर हे कधीही टाकू नका. आणि बाळाजवळ धूर नकोच, असं डॉक्टर सांगतात ते मला पटतं. पण आजीसमोर हे कोणी बोलायचं, ते ज्या त्या घराने ठरवावं. मी आपलं धाग्यापुरतं ठामपणे सांगते.

त्यांनी दोन्ही नेलं, सुती आणि अ‍ॅक्रिलिक.

टोपडं विणायला मी सगळ्यांना एकच हिशोब देते. नवजात बाळाच्या डोक्याचा घेर 35 सेंटिमीटरच्या आसपास असतो. तीन पदरी बेबी वूल, 10 नंबरच्या सुया, 90 टाके, दोन सुलट दोन उलट. ही वीण ताणली जाते, म्हणून महिनाभरात टोपडं लहान होत नाही. मोज्यांवर जाळीची वीण फार सुंदर दिसते, ती मला स्वतःला आवडते, पण तान्ह्या बाळासाठी मी कोणाला शिकवत नाही. भोकात अंगठा अडकतो. हातमोज्यांचंही तसंच. रंग बदलताना आत मोकळे सोडलेले धागे बाळाच्या बोटाला गुंडाळले जातात, रक्त अडतं, आणि बाळ का रडतंय हे कोणाला समजत नाही. म्हणून विकायला येणारा प्रत्येक हातमोजा मी आधी उलटा करून बघते. शेजारच्या दुकानातल्या ताई म्हणतात, एवढा वेळ कशाला घालवतेस. घालवणार.

एक सुयांचंही सांगते, कारण हल्ली याने फार जणी फसतात. आपल्याकडे सुयांचे नंबर जुन्या इंग्रजी पद्धतीचे आहेत, नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. आपली 8 नंबर म्हणजे 4 मिलिमीटर. व्हिडिओतल्या अमेरिकन बाईची 8 नंबर म्हणजे 5 मिलिमीटर. कॉलेजातली एक मुलगी भाच्यासाठी स्वेटर विणून रडवेली होऊन आली. 50 सेंटिमीटर छातीसाठी व्हिडिओत सांगितल्याप्रमाणे 90 टाके घातले, 8 नंबर सुई घेतली आणि स्वेटर भरला 41. तिच्या हाताला 10 सेंटिमीटरमध्ये 22 टाके बसत होते, व्हिडिओत 18. तिचं काहीच चुकलं नव्हतं. तेव्हापासून मी प्रत्येक सुईच्या पाकिटावर पेनाने मिलिमीटर लिहून ठेवते. क्रोशाच्या बाबतीत मराठी जास्त सोयीची आहे. साखळी, मुका खांब, खांब म्हटलं की कोणाचा घोळ होत नाही. इंग्रजीत एकाच नावाचा टाका अमेरिकेत वेगळा आणि इंग्लंडात वेगळा.

आता थंडीचं गिऱ्हाईक. तेही आहे, पण तुम्ही त्याला किनाऱ्यावर शोधू नका, पाण्यात शोधा. रात्री जमीन समुद्राच्या आधी निवते आणि वारा जमिनीकडून समुद्राकडे सुटतो, तो मतलई. जानेवारीच्या पहाटे होडीत भिजलेल्या हातांनी जाळं ओढणाऱ्याच्या कानाला तो वारा कसा लागतो, हे मिरकरवाड्यातल्या, आमच्या मच्छीमार बंदरातल्या, माणसाला विचारा. तिथले एक म्हातारे तांडेल, म्हणजे होडीवरचे म्होरके, दर वर्षी कानटोपीसाठी लोकर न्यायला येतात. आता समुद्रावर जात नाहीत, मुलगा आणि नातू जातात. 1 जून ते 31 जुलै मासेमारीबंदीचे 61 दिवस होड्या वर ओढलेल्या असतात, पुरुष जाळी दुरुस्त करत बसतात आणि त्यांच्या घरातल्या बायका त्याच पडवीत टोप्या विणतात.

एकदा त्यांनी काउंटरवरचा माझा नमुना उचलला, दोन्ही अंगठ्यांनी ताणला आणि डोळ्यांसमोर धरून उजेडाकडे बघितलं.

"आस मोठा झालाय," म्हणाले. "वारा जाईल ह्यातून."

जाळ्याच्या भोकाला ते आस म्हणतात. मी तोपर्यंत त्या विणीला फक्त 'सैल' म्हणत होते. एक नंबर बारीक सुई घेऊन पुन्हा विणला आणि ते पुढच्या वेळी आले तेव्हा दाखवला. त्यांनी पुन्हा तसाच ताणला, मान हलवली. चार पदरी, 9 नंबर सुई, कानावर दुहेरी घडी. मच्छीमारांच्या टोप्यांसाठी मी आजही तेच माप सांगते. आमच्या दोघांच्या कामातला हा सारखेपणा मला फार आनंद देतो.

पावसाळ्यात दुकान सांभाळणं हा एक वेगळाच उद्योग. खालचा खण रिकामा ठेवायचा, माल भिंतीपासून वीतभर पुढे. कपाटात जुना पिवळा बल्ब दिवसभर लावून ठेवायचा. मेंढीच्या लोकरीत सुकवलेला कडुनिंबाचा पाला. खाऱ्या हवेने स्टीलच्या सुया गंजतात, त्यांना शिलाई मशीनचं तेल लावून कागदात गुंडाळायचं आणि देताना पुसून कोरड्या करून द्यायच्या, नाहीतर पांढऱ्या लोकरीवर पहिल्याच ओळीला डाग. एका वर्षी मी आळस केला आणि सुती लड्यांचा अख्खा खण बुरशीने गेला. ते नुकसान भरून काढायला दिवाळी उजाडली.

आणि माझं सगळ्यांत मोठं एकरकमी गिऱ्हाईक कोण, हे सांगितलं तर तुम्हाला आश्चर्य वाटेल. आंब्याच्या बागांत राखणीला नेपाळहून माणसं येतात, पाऊस सरला की येतात आणि आंबा संपला की जातात. त्यांतली एक बाई दर वर्षी कार्तिकात माझ्याकडे येते. नवरा रात्री बागेत फिरतो, ती आंबे उतरवताना आणि पेट्या भरताना असते. तिला नमुना लागत नाही, कागद लागत नाही. मुलाची उंची वितींनी दाखवते आणि गुंडे मोजून घेते. एप्रिलच्या दुपारी, आम्ही घामाने निथळत असताना, ती कलमाच्या सावलीत बसून डोंगरातल्या आपल्या गावच्या थंडीसाठी स्वेटर विणते. सुयांकडे बघतही नाही.

या वर्षी तिला निळा कमी पडला. मागवला तर दुसऱ्या लॉटचा, म्हणजे वेगळ्या वेळी रंगवलेला, आला. डब्यात दोन्ही सारखे दिसत होते, उन्हात नेल्यावर फरक कळला. लॉट जमत नसला की मी दोन ओळी जुन्या गुंड्याच्या, दोन नव्याच्या अशा विणायला सांगते, म्हणजे रंगाची रेघ उमटत नाही. तिने ऐकून घेतलं आणि दोन्ही बाह्या तशाच केल्या, धागा तोडायला न लागता कडेने वर नेत. तो स्वेटर मी दाराबाहेर उजेडात धरून पाहिला. मला जोड सापडला नाही.

मेअखेरीस निरोप घ्यायला आली तेव्हा उरलेले दोन अर्धे गुंडे माझ्या हातात ठेवले. म्हणाली, "दीदी, इथेच ठेवा. घरी गेल्यावर शेतीच असते, विणायला होत नाही. पुढच्या वेळी स्वेटर घेऊन येईन, कफ उसवून बाह्या वाढवायच्या आहेत. तोवर मुलगा वाढलेला असेल." दोन्ही गुंड्यांवर मी त्यांच्या त्यांच्या लॉट नंबरची पट्टी रबराने लावली आणि ते बल्बच्या खणात, वरच्या बाजूला ठेवले आहेत.