केळीच्या वखारीचा वास आणि लाल वाइन

गेल्या हिवाळ्यात भाच्याने फ्रान्सहून बोजोले नूव्होची एक बाटली आणली. दर वर्षी नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी बाजारात येणारी ही अगदी कोवळी लाल वाइन. पेला हलवून नाकाशी नेला आणि जळगावच्या घरात बसल्या बसल्या मला लहानपणी वडिलांबरोबर पाहिलेली सावद्याची केळीची वखार आठवली. दार उघडताच पिकत घातलेल्या घडांचा जो उबदार, गोडसर वास अंगावर येत असे, तोच हा वास होता. पुढे वाचनात आले की ही वाइन करताना गामे जातीच्या द्राक्षांचे घोस न चिरडता कार्बन डायऑक्साइडने भरलेल्या बंद टाकीत ठेवतात, मण्यांच्या आतच आंबण्याची क्रिया सुरू होते, आणि अशा वाइनमध्ये आयसोअमाइल ॲसिटेट हे द्रव्य ठळकपणे जाणवते; पिकल्या केळ्याचा वास मुख्यतः त्याचाच असतो.

तेव्हापासून मी वाइनचे वास आणि चवी टिपण्याच्या माझ्या वहीत ब्लॅककरंट हा वाइनच्या वर्णनांत नेहमी भेटणारा शब्द लिहिणे सोडले, कारण ते फळ मी कधी चाखलेलेच नाही. आता मी जांभूळ लिहितो, कच्ची सुपारी लिहितो, भाजलेले खोबरे लिहितो. दिंडोरीकडच्या शिराझची, म्हणजे त्या नावाच्या द्राक्षांपासून केलेल्या लाल वाइनची, नोंद करताना तर आमच्या काळ्या मसाल्याचा डबाच डोळ्यांसमोर येतो. या वाइनमध्ये जाणवणारा मिरीचा वास केवळ कल्पनेचा खेळ नाही. रोटंडोन नावाचे जे द्रव्य काळ्या मिरीत असते, तेच शिराझच्या द्राक्षांतही असते, हे ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी 2008 मध्ये दाखवून दिले. मात्र ही शिराझ मी शेवभाजीबरोबर घेऊन पाहिली आणि पस्तावलो. सालीबियांतून उतरलेला तुरटपणा आणि मद्यार्क यांमुळे तिखट अधिकच झोंबू लागले, आणि जांभळाची चव पार हरवून गेली.

खान्देशात लाल वाइनचा खरा शत्रू ऊन आहे. मे महिन्यात एका दुकानातून आणलेली बाटली उघडली, तेव्हा बूच थोडे वर सरकलेले होते आणि वाइनला शिजवलेल्या फळांचा, करपट वास येत होता. ती बाटली उन्हाळाभर पंख्याखालच्या फळीवर उभी होती. लाल वाइन घरातल्या तापमानाला प्यावी, हा सल्ला थंड देशांतल्या घरांसाठी आहे. आमच्याकडे उन्हाळ्यात घरातच पारा 35 अंशांच्या पुढे जातो. मी बाटली फ्रिजमध्येच ठेवतो, पिण्याआधी थोडा वेळ बाहेर काढतो आणि 16 ते 18 अंशांच्या आसपास आली की ओततो.

फेसाळ वाइनकडे मी उशिरा वळलो. दिंडोरीत 2013 पासून शांदोन या नाममुद्रेची फेसाळ वाइन तयार होते, तीही शॅम्पेनच्या पारंपरिक पद्धतीने: तयार वाइनमध्ये साखर आणि यीस्ट घालून ती बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवतात, वायू आत कोंडला जातो, तळाशी यीस्टचा साका बसतो आणि वाइन त्यावर कित्येक महिने मुरते. या मुरण्यातून येणाऱ्या वासाला जाणकार ताज्या पावाची उपमा देतात. मला त्यात बिबड्यांसाठी, म्हणजे आमच्याकडच्या ज्वारीच्या पापडांसाठी, भिजवून आंबवलेल्या ज्वारीचा वास येतो. आईने घाटा शिजवायला घेतला की अंगणभर पसरणारा, किंचित आंबूस, पोटात भूक जागी करणारा तो वास आहे, आणि त्यासाठी मला याहून नेमका शब्द सापडलेला नाही.

गेल्या रविवारी या फेसाळ वाइनचा ब्रूट, म्हणजे फारशी गोडी नसलेला, प्रकार भरिताबरोबर घेतला. तुरकाट्यांवर भाजलेली वांगी, हिरवी मिरची, कांद्याची पात, शेंगदाणे आणि वर तेल. पहिल्या घासानंतर जिभेवर तेलाचा आणि धुराचा थर होता. थंडगार घोट घेतला, बारीक बुडबुड्यांनी आणि आंबटपणाने तो थर धुऊन नेला, आणि वांग्याचा खरपूसपणा तेवढा मागे राहिला. मी कळण्याच्या भाकरीचा दुसरा तुकडा मोडला.