जुगाड नका म्हणू

“जुगाड नका म्हणू भाऊ, माप घेऊन केलंय.” वाळूजच्या वर्कशॉपात आज वेल्डर मामा जरा दुखावूनच बोलले. पंपाचा फ्लँज (पाइप जोडायची भोकांची चकती) मिळेना, म्हणून त्यांनी जाड पत्र्यातून तो कापला, भोकं पाडली, घासून बसवला. एक थेंब गळत नाही!

इंग्रजीत इंजिनिअर लोक ठिगळकामाला ‘क्लज’ म्हणतात. १९६२ साली ‘डेटामेशन’ या संगणकविषयक मासिकात जॅक्सन ग्रॅनहोम यांनी त्याची व्याख्याच केली: न जुळणाऱ्या सुट्या भागांची बेढब मोट. शेजारच्या भाषांत मात्र गंमत आहे. जर्मन ‘क्लूग’ म्हणजे हुशार, डॅनिश ‘क्लुडर’ म्हणजे गोंधळ. दिसायला सारखे, अर्थ दोन टोकांचे.

मामांचं काम मला सरळ ‘क्लूग’ वाटतं. उन्हाळ्यात बंद पडलेले पंप मराठवाड्यात अशाच हातांनी चालू होतात. या कामाला आपण कारागिरी का म्हणत नाही?