रोज पळता, मग गोळी कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच नीट लिहितो. बडोद्याच्या कमाटीबागेत रोज आठ किलोमीटर पळतो, पोट नाही, बीपी नॉर्मल, एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल 118, मग रात्री स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी, कशाला? "काका, पळण्यावर भरवसा नाही का?"

आहे हो. पळणाऱ्यांचा सीआरपी, म्हणजे शरीरात आत सूज असली की रक्तात वाढणारं प्रोटीन, कमी असतो, त्यातलं बरंचसं पोटाची चरबी कमी असल्यामुळे, माहितीय मला. पण माझा एचएस-सीआरपी (त्याचीच जास्त बारीक मोजणारी तपासणी) दोनदा 3 च्या वर आला, मध्ये महिनाभर सोडून, सर्दी-ताप नसताना, आणि आधी चार दिवस पळणं बंद ठेवून, कारण लांब पळून आल्यावर तो तसाही चढतो. हिरड्या सुजल्या तरी वाढतो म्हणून दातवाल्याकडेही जाऊन आलो.

आणि दादा. आखाड्यातला माणूस, माझ्याहून चपळ, 52 वर्षांचा. रविवारी दांडिया बाजारच्या घरी सेव-उसळ खाऊन बसलो होतो, तो म्हणाला जबडा दुखतोय, छातीत जड वाटतंय. मी म्हटलं तिखट बाधलं असेल, लिंबू-सोडा करून दिला, मीच ढवळला. तो घाम पुसत म्हणत राहिला, थांब रे, बरं वाटेल, आणि मीही थांबलो, मॅच चालू होती, दीड तास. वहिनी देवळातून आली, त्याच्याकडे एकदा बघितलं आणि तशीच रिक्षा आणायला धावली. रिक्षात त्याचं डोकं माझ्या खांद्यावर होतं, दवाखान्याच्या दारात ते जड झालं. फाईलीत कोलेस्टेरॉल नॉर्मल, शुगर नॉर्मल. सीआरपी कधी केलाच नव्हता, आणि कोणी सांगितला असता तरी आम्हीच म्हटलं असतं, ह्याला काय होतंय!

पूर्वीचा मी अजून भांडतो माझ्याशी. सीआरपी काही रक्ताच्या नळ्या बंद करत नाही, आत सूज आहे एवढंच सांगतो, त्यावर गोळी? बरोबर आहे. पण 2008 च्या ज्युपिटर नावाच्या स्टॅटिनच्या चाचणीत माझ्यासारखेच लोक होते, एलडीएल 130 च्या खाली, सीआरपी 2 किंवा वर. साधारण दोन वर्षांत औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्या 8901 जणांत 251 जणांना हार्टचा किंवा स्ट्रोकसारखा त्रास झाला, स्टॅटिन घेणाऱ्या तेवढ्याच लोकांत 142 जणांना. म्हणजे बहुतेकांना गोळी न घेताही काहीच झालं नाही, हेही खरं, आणि गोळीवाल्यांत डायबिटीस थोडा जास्त निघाला. हे सगळं वाचूनच मी घेतो, डॉक्टरांशी बोलून, आणि गोळीच्या भरवशावर पळणं एक दिवस कमी केलेलं नाही.

परवा वहिनीनेही विचारलं, तुमच्यासारखं नाही. ती म्हणाली, ह्यांना दिली असती तर?

मी फोन धरून नुसता बसलो.