रस्त्याच्या या बाजूचं घर

"घर तसंच आहे हो, पण या बाजूला शाळा वेगळी पडते," एजंटबाईंनी हसत किंमत सांगितली. माझी कॉफी हातातच राहिली.

आज अमेरिकेतल्या सॅन अँटोनियोत समोरासमोरची दोन घरं पाहिली. त्याच विटा, तेच दोन गाड्यांचं गॅरेज. मधून जाते ती शाळांच्या डिस्ट्रिक्टची हद्द; पत्ता ज्या बाजूचा, शाळा त्या बाजूची.

इथे शाळेचा बराच पैसा घरपट्टीतून येतो. घरं महाग, तर शाळा सधन. याच शहरातल्या एजवुड या गरीब डिस्ट्रिक्टच्या पालकांनी त्यावरून खटला भरला होता. त्यांच्याकडे तेव्हा दर मुलामागे खर्च ३५६ डॉलर, शेजारच्या श्रीमंत अलामो हाइट्समध्ये ५९४. १९७३ साली सुप्रीम कोर्टात ते ५ विरुद्ध ४ असे हरले. एका मताने!

"आपण झेडपीच्या शाळेतच शिकलो ना?" नवरा म्हणाला. शिकलो की.

समोरच्या घराशेजारी एक मुलगा सायकलची चेन बसवत होता. बोटं काळीकुट्ट. आमच्या लेकीएवढाच असेल. त्याने हात हलवला, मीही हलवला.

घर या बाजूचंच ठरवलं. सोमवारी बयाणा द्यायचाय. तुम्ही काय केलं असतं?